पितळेचं माप

आमच्या घरात 'बंदूक' हा शब्द काढायचा नाही, असा काही कुणी नियम केलेला नव्हता. पण कुणी काढत नव्हतं एवढं खरं. कारण होतं काकांचा उजवा हात. त्या हाताला अंगठा होता, करंगळी होती आणि तिच्या शेजारचं बोट होतं. उरलेली दोन बोटं 1964 च्या दसऱ्याला गेली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि काकांपासून चार हातांवर उभा होतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भात पोसवलं की रानडुकरं उतरायची. पिकाच्या राखणीसाठी म्हणून काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. वर्षभर ती माळ्यावर असायची. खंडेनवमीला विळा-कोयत्याबरोबर तिचीही पूजा व्हायची आणि दसऱ्याला, सोनं लुटायला जायच्या आधी, देवळासमोर तिचा बार निघायचा. त्यात गोळी नसायची. नुसती दारू आणि वर काथ्याचा बोळा ठासलेला.

त्या दिवशी पहिला बार झाला. आम्ही पोरं ओरडलो, "काका, आणखी एक!" काकांनी मागं न बघता हात पुढं केला. मी त्या हातात दारूचं शिंग दिलं. काकांनी दातानं बूच काढलं आणि शिंग तसंच नळीच्या तोंडाला लावलं. पुढचं मला फक्त आवाज म्हणून आठवतं.

काका वाचले. बंदूक पोलिसात जमा झाली ती पुन्हा घरी आली नाही. आजी एकदाच म्हणाली, "पोराच्या हातनं शिंग घेतलं, तिथंच चुकलं." नंतर तीही बोलली नाही. काका तर कधीच नाही. पण या गोष्टीचा एक तुकडा असा होता, की जो मला एकट्यालाच ठाऊक होता. तो मी साठ वर्षं कुणाला सांगितला नाही. पुढं येईलच तो.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की गेल्या वर्षी, वयाच्या सत्तरीत, अमेरिकेत जाऊन मी काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर चालवायला शिकलो, हे सांगितलं तर आमचे नातेवाईक विश्वास ठेवायचे नाहीत. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरात झुरळ मारायचं तर बायकोला हाक मारणारा!

त्याचं असं झालं. आमची लेक ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ राहते. जावई धारवाडचे, घरची भाषा कन्नड. त्यांच्या घरात नात आईशी मराठी बोलते, वडिलांशी कन्नड, आणि रागावली की इंग्रजी. आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो होतो. शेजारी एक गृहस्थ राहतात, माझ्याच वयाचे, आयुष्यभर लेथवर काम केलेले. जावई दर शनिवारी त्यांच्याबरोबर कुठंतरी जायचे आणि दुपारी परत यायचे ते दिवाळीच्या पहाटेचा वास घेऊन. गंधकाचा. आठवडाभर मी गप्प बसलो. दुसऱ्या शनिवारी विचारलंच.

"मामा, नेमबाजीच्या रेंजवर जातो," जावई जरा संकोचून म्हणाले. "हळ्ळी बंदूक असते ना आपल्याकडं, ठासायची? तसलं रिव्हॉल्व्हर. येता काय बघायला?"

लेकीनं स्वयंपाकघरातून ऐकलं. "बाबांना कशाला नेताय तिथं?" तिचा आवाज चढला. तिचा राग मला समजत होता. काकांचा हात तिनं लहानपणापासून पाहिलेला. शिवाय नातीच्या शाळेत मुलांना दिवे मालवून, दार लावून, कोपऱ्यात चिडीचूप बसायचा सराव करायला लावतात. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर काय करायचं, त्याचा सराव. ज्या आईची सात वर्षांची पोर घरी येऊन हे सांगते, तिला बंदूक हा छंद कसा वाटावा? मला स्वतःलाही त्या देशात बंदुका इतक्या सोप्या असाव्यात हे आजही पटलेलं नाही. ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको.

तरी मी गेलो. का गेलो? खरं सांगायचं तर तो वास आला म्हणून.

जायच्या आधी जावयांनी कायदा बघून घेतला, हे मला आवडलं. टूरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस हाताळायला मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत तेवढेच. पण 1898 किंवा त्याआधीची बंदूक, किंवा तोंडाकडून काळी दारू भरायच्या जुन्या हत्याराची नक्कल, ही त्या कायद्याच्या हिशेबात 'बंदूक' नव्हेच, तर पुरातन वस्तू! राज्याराज्यांचे नियम निराळे असतात, तेही त्यांनी तपासले. आपल्याकडं मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. अपवाद आपल्याच राज्यातल्या कोडगूच्या लोकांचा. त्यांची सवलत केंद्र सरकारनं 2019 साली आणखी दहा वर्षांनी वाढवली. कैलपोढ सणाला ते बंदुकीची पूजा करतात आणि नारळावर नेम धरतात, हे जावयांनीच मला गाडीत सांगितलं.

पहिल्या दिवशी मला बार काढू दिला नाही. शेजारी म्हणाले, "आज फक्त बघायचं आणि ऐकायचं." डोळ्यांवर चष्मा, कानांवर जाड झाकणं. नियम चार. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडं नळी न्यायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. आणि निशाणाच्या मागं काय आहे ते माहीत असल्याशिवाय बार काढायचा नाही. रेंजवर "थांबा" असा आवाज आला की जगबुडी आली तरी हात खाली. शाळेतही इतकी शिस्त मी पाहिली नव्हती.

मग रिव्हॉल्व्हर दाखवलं. सगळे त्याला 1858 ची रेमिंग्टन म्हणतात. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात ती फार वापरली गेली. शेजाऱ्यांकडची अर्थातच नक्कल, इटलीत ब्रेशाजवळ बनलेली. तिकडे अशा नकला करणारे कारखानेच आहेत. वजन सव्वा किलोच्या आसपास. सहा खणांचं फिरतं चक्र. काडतूस नाही. प्रत्येक खणात पुढून दारू आणि शिशाची गोळी स्वतः भरायची आणि मागच्या तोटीवर तांब्याची टिकली बसवायची. जुन्या लोकांच्या तोंडी या टिकलीला 'केप' असा शब्द होता, तो मला साठ वर्षांनी आठवला.

फिरत्या चक्राच्या पिस्तुलाला ज्यानं धंद्यात आणलं तो सॅम्युअल कोल्ट. 1830 साली, सोळा वर्षांचा असताना तो 'कोर्वो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि त्या सफरीत लाकडाचा पहिला नमुना त्यानं कोरला, असं सांगतात. जहाज कुठं निघालं होतं? कलकत्त्याला! 1836 साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. हे ऐकल्यावर मला त्या लोखंडाबद्दल उगीचच थोडी आपुलकी वाटली.

दारूबद्दलही थोडं सांगतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. कंपनी सरकारच्या काळात बिहारचा सोरा जहाजं भरभरून विलायतेला जायचा. ही दारू पेटली की तिचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो. उरलेला धूर आणि राख होऊन नळीत बसतो. म्हणून इतका धूर, आणि म्हणून, हे लक्षात ठेवा, नळीत मागं काहीबाही धुमसत राहण्याची शक्यता.

गाडीत मी जावयांना विचारलं, "कन्नडात दारूला काय म्हणता? प्यायच्या नव्हे, बंदुकीच्या?"

"मद्दु," ते म्हणाले. "मद्दुगुंडु म्हणतात नाही का."

"आणि औषधाला?"

"तेही मद्दुच की!" ते हसले.

आपल्या मराठीतही तेच. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपण अजून 'दवादारू' म्हणतोच. दोन भाषांनी ठरवून केल्यासारखं त्या काळ्या भुकटीला औषधाचं नाव दिलंय. आणि औषध म्हटलं की माप आलं.

दुसऱ्या शनिवारी भरायला शिकवलं. आधी खणातलं तेल पुसून काढायचं. मग रिकाम्या तोटीवर नुसत्या टिकल्या लावून, नळी गवताच्या पात्याकडं धरून घोडा पाडायचा. पातं हललं की वाट मोकळी आहे असं समजायचं. घोडा अर्ध्यावर ओढला की चक्र मोकळं फिरतं. सहापैकी पाचच खण भरायचे. घोडा रिकाम्या खणावर टेकलेला असावा, अशी तिथली सवय.

आता दारू. शेजाऱ्यांनी पितळी बुधली उचलली आणि माझ्या हातात एक छोटीशी वस्तू ठेवली. "बुधलीतून थेट खणात कधीच नाही. आधी यात. यातून खणात. आणि ओतण्याआधी बुधली बंद करून लांब ठेवायची."

मी हातातली वस्तू बघितली आणि माझे पाय लटपटले.

पितळेची नळकांडी. बोटाएवढी. एका बाजूनं बंद, कडेला दोरा ओवायला कडी.

अशीच एक मी चार दिवस खिशात घेऊन हिंडत होतो. 1964 च्या दसऱ्याला. शिंगाच्या दोरीला ती लोंबत असायची. पूजेसाठी शिंग खाली काढलं तेव्हा दोरा कुजून तुटला होता. नळकांडी खाली पडली आणि मी उचलली. मला वाटलं शिट्टी आहे. फुंकली की छान वाजायची. कशासाठी असते ते मला माहीत नव्हतं. दसऱ्याला काकांनी हात पुढं केला तेव्हा ती माझ्या चड्डीच्या खिशात होती. ते सगळं झाल्यावर, रात्री, मी ती विहिरीत टाकली.

हाच तो तुकडा.

"बरं नाही का वाटत?" शेजाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, ठीक आहे. बुधलीतून थेट का ओतायचं नाही?" उत्तर मला कळलंच होतं. पण कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी शांतपणे सांगितलं. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असली, तर ओतलेली दारू पेटते. मापात असते दीड-पावणेदोन ग्रॅम. ती पेटली तर भुवया जळतील, बोट भाजेल. पण बुधली तोंडाला लावलेली असली तर आग वर चढते आणि अख्खी बुधली हातात फुटते. "म्हणून माप. माप म्हणजे फक्त मोजणं नव्हे. दारूचा साठा आणि आग यांच्यामधली ती भिंत." शिवाय बार झाल्यावर थोडं थांबायचं. लांब नळीच्या ठासणीत तर ओला बोळा फिरवून मगच पुन्हा भरायचं, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "गोळीऐवजी काथ्याचा बोळा ठासला असेल तर?" ते म्हणाले, "मग तर जास्तच थांबायचं. काथ्या धुमसत राहतो."

त्या दिवशी मी पुढं काही शिकलो नाही. बाकावर बसून राहिलो. जावई पाणी घेऊन आले. त्यांनी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले, "मामा, सावकाश. गडिबिडि ब्याड." सावकाश हा शब्द आमच्या दोन्ही घरांत आहे, याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा गेलो. लेक म्हणाली, "बाबा, नाही गेलात तर चालणार नाही का?" मी म्हटलं, "नाही चालणार." का ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

माप भरलं. पंचवीस ग्रेन, म्हणजे साधारण एक पूर्णांक सहा दशांश ग्रॅम. हे माप आकारमानाचं, तराजूचं नव्हे. माझा हात थरथरत होता म्हणून थोडी दारू सांडली. शेजारी म्हणाले, सांडू दे, पुन्हा भरा. मग त्यांनी एक डबी उघडली आणि दारूवर चिमूटभर काहीतरी घातलं. मी वाकून बघितलं तर रवा! चक्क गव्हाचा रवा. दारू कमी घातली की गोळी खणात फार खोल बसते. ती तोंडाजवळ यावी आणि नेम सुधारावा म्हणून मध्ये रवा घालतात. मक्याचं पीठही चालतं. संध्याकाळी हे सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणूनच डबा निम्मा झाला होय! मी म्हणते उप्पीट तर एकदाच केलं."

रव्यावर शिशाची गोल गोळी. गोळी खणापेक्षा केसभर मोठी असते. नळीखालच्या दांडीनं ती आत दाबली की कडेनं शिशाची बारीक अंगठी कापून बाहेर येते. ती अंगठी पूर्ण निघाली म्हणजे गोळी घट्ट बसली. गोळी आणि खालचा थर यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. आणि मग वरून प्रत्येक खणाच्या तोंडावर वनस्पती तुपाचा थर, आपल्या डालड्यासारखा. त्यानं आतली राख मऊ राहते आणि एका खणाची आग शेजारच्या खणात उडी मारण्याचा धोका कमी होतो. पाची खण एकदम पेटले तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

बोटाला तूप लावताना मी हसलो. शेजाऱ्यांनी का म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडं 1857 साली याच गोष्टीवरून आग लागली होती. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावलीय म्हणून. नंतर शिपायांना आपापलं तेल-मेण लावायची मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. जावयांनी पुढं हलगलीच्या बेडरांची गोष्ट सांगितली. त्याच 1857 साली, शस्त्रं जमा करा असा हुकूम आला तेव्हा मुधोळजवळच्या त्या गावानं नकार दिला आणि गाव जाळलं गेलं. कन्नड लावणीतून ती गोष्ट त्यांनी शाळेत ऐकलेली. म्हातारे शेजारी लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुपाचा डबा मी जपून ठेवायला हवा."

सगळ्यात शेवटी केप. ती लावायची ती उभं राहायच्या जागेवर, नळी निशाणाकडं ठेवूनच. त्याआधी नाही.

दहा यार्डांवर कागद. घोडा पूर्ण मागं. श्वास सोडून चाप हळूहळू दाबायचा. बार कधी होईल हे आपल्यालाही कळू नये इतका हळू.

बार झाला.

आवाज मी समजत होतो तसा नव्हता. कडाड असा नाही, धडाम असा, पोटात लागणारा. हात वर गेला, पण झटक्यानं नव्हे, कुणी ढकलावा तसा. आणि समोर पांढरा ढग. कागद, शेत, झाडं, काही दिसेना. त्या ढगात मी दहा वर्षांचा उभा होतो. धूर हळूहळू विरला. मी हाताकडं बघितलं. पाच बोटं.

दुसरा बार झालाच नाही. नुसतं टक. अशा वेळी काय करायचं ते घोकून घेतलं होतं. हलायचं नाही, नळी निशाणाकडंच, मिनिटभर थांबायचं. कधी कधी दारू उशिरा पेटते. ते एक मिनिट फार मोठं होतं. मिनिटभर थांबण्याच्या नियमानं काय वाचतं याचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. मग शेजाऱ्यांनी नवी केप लावायला सांगितली आणि बार झाला. पाचपैकी दोन गोळ्या कागदाला लागल्या. दोन्ही कोपऱ्यात. शेजाऱ्यांनी कागदावर तारीख घालून मला दिला.

घरी आल्यावर खरी मेहनत. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड गंजवते. म्हणून त्याच दिवशी सगळं सुटं करून गरम साबणाच्या पाण्यात धुवायचं, कोरडं करायचं, तेल लावायचं. पाणी काळं होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. सौ.नं नाकाला पदर लावला. परसात बादली घेऊन जावई आणि मी बसलो. तिथंच मी त्यांना विहिरीत टाकलेल्या मापाची गोष्ट सांगितली. कन्नडात, मराठीत, जसं सुचेल तसं. लेक दारात उभी होती, हे मला नंतर कळलं. ती आली, माझ्या शेजारी बसली आणि ब्रश घेऊन चक्राचे खण घासायला लागली. बंदूक तिला त्यानंतरही आवडली नाही. पण शनिवारी मला "जाऊ नका" म्हणायची थांबली.

पुढचे तीन महिने मी जवळजवळ दर आठवड्याला गेलो. जूनमध्ये राज्याची हद्द ओलांडून इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाच्या खेड्यातही जाऊन आलो. (हद्द ओलांडली तरी पाट्यांची भाषा बदलत नाही, हे बघून आम्हां बेळगावकरांना चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं!) ठासणीच्या बंदुकांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेचं ते ठाणं. संघटना 1933 सालची. वर्षातून दोनदा तिथं स्पर्धा भरतात. तंबू पडलेले, धूर तरंगतोय, आणि सगळ्यांत जास्त काय दिसतं तर थांबलेली माणसं. कुणी माप भरतंय, कुणी नळी पुसतंय. भरायला पाच मिनिटं, बाराला एक क्षण. आंतरराष्ट्रीय सामन्यातही अर्ध्या तासात तेरा बार, त्यातले उत्तम दहा धरायचे, एवढाच हिशेब असतो. निघायच्या आधी पंचवीस यार्डांवर माझ्या पाची गोळ्या कागदावर होत्या. एक तर काळ्या वर्तुळात. तो कागद मी घडी घालून आणलाय.

परत आल्यावर दिवाळीनंतर गावी गेलो. काका जाऊन बारा वर्षं झाली. काकू ऐंशीच्या पुढं, पण नजर तल्लख. मी तिला सगळं सांगितलं. माप, खिसा, शिट्टी, विहीर. बोलताना तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. सोप्यातल्या खांबाकडं बघत बोललो.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माप हरवलंय हे त्यांना ठाऊक होतं रे. नवमीलाच शोधत होते. नसलं तर तळहातावर ओतून घ्यायचे, मग नळीत. बऱ्याचदा तसंच करायचे. त्या दिवशी मी हाक मारली. पानं वाढलीत, या लवकर, म्हणून. दोनदा मारली. दुसऱ्यांदा जरा रागानंच. म्हणून त्यांनी शिंगच लावलं."

मी तिच्याकडं बघितलं.

"कुणाला बोलले नाही मी," ती म्हणाली. "सासूबाई तुझं नाव घ्यायच्या तेव्हासुद्धा गप्प बसले. तू लहान होतास, विसरशील वाटलं."

मला जे रेंजवर कळलं होतं ते मी तिला सांगितलं. काथ्याचा बोळा आत धुमसत असणार. तळहातावरून ओतली असती तरी ती पेटलीच असती, हात भाजलाच असता. थांबायला हवं होतं, नळी ओल्या फडक्यानं पुसायला हवी होती, आणि ते काकांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही नाही. तुझी हाक आणि माझा खिसा यांच्या आधीची चूक होती ती. अर्थात माप शिंगाला असतं तर बोटं राहिलीही असती. तेही मी सांगितलं. मास्तरकी केली आयुष्यभर, अर्धं उत्तर देता येत नाही.

काकूनं ऐकून घेतलं. "आणि ते कधी काही बोलले नाहीत," मी म्हटलं. "मला नाही, तुला नाही."

"मला एकदा म्हणाले होते. गडबड माझी मलाच होती, म्हणाले. पोरं बघत होती ना." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "साठ वर्षं झाली. तू आधी यायला पाहिजे होतंस."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तिनं पान वाढलं. भात, आमटी, वाटीत तूप. मला खानापूरची साडेतीनची बस गाठायची होती, म्हणून मी घड्याळाकडं बघितलं असावं. काकूनं ताटाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "पुढच्या गाडीनं जा. सावकाश जेव."